तांत्रिक छाननीत बाद झालेलं कापड

किशनराव गजभारे एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते आणि त्यातली बावीस वर्षं खरेदी विभागात. त्यांनी खुर्च्या घेतल्या, पंखे घेतले, टाचण्या घेतल्या, एकदा तर जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांसाठी लोखंडी कपाटं घेतली. तीन कोटेशनं होती, तुलनातक्ता होता, काम सगळ्यात कमी दरवाल्यालाच गेलं होतं. फक्त कपाटं दारातून आत जाईनात. दोन पावसाळे ती व्हरांड्यातच उभी राहिली. पुढे चौकशी झाली, तेव्हा किशनरावांच्या फाईलवर एकही आक्षेप निघाला नाही. चूक दारांची ठरली. हा किस्सा ते अजूनही अभिमानानं सांगतात.

निवृत्तीनंतर मात्र हैदराबादेत, दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीतल्या दुमजली घरात त्यांच्याकडे मंजुरीला काहीच येत नव्हतं. बायको पार्वतीबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्याही निवृत्त. त्यांना कधी कुणाची मंजुरी लागली नाही. मुलगा आदर्श संगारेड्डीच्या बँकेत, तो सकाळी सातला जाई आणि दिवेलागणीनंतर उगवे. सून दीक्षा माधापूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. आणि मार्च महिन्यात घरात आलेली नात, मेत्ता.

मेत्ता तीन महिन्यांची झाली आणि तिनं एक नियम घालून दिला. दूध पोटात गेलं की पाच मिनिटांत त्यातलं थोडं परत. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मोठी होईल तसं थांबेल. दूध झालं की अर्धा तास तिला उभं धरा, आडवी करू नका. आता दिवसातून आठ वेळा दूध, प्रत्येक वेळी अर्धा तास. पार्वतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या वॉकर धरून चालायच्या, लेकरू धरून कशा चालणार? दीक्षाचे खांदे दुखायला लागले होते. शिवाय तिची रजा बाळंतपणाच्या आधीच सुरू झाली होती, त्यामुळं ती संपायला आता दीडच महिना राहिला होता.

"मी बेबी रॅप मागवू का?" एका रविवारी जेवताना ती म्हणाली. "म्हणजे बाळाला अंगाशी बांधायचं. हात मोकळे राहतात. पण कुठला घ्यायचा तेच समजेना. चार टाईपचे आहेत. आमच्या ग्रुपवर एक म्हणते हा घे, दुसरी म्हणते तो घेतला तर कंबर गेलीच म्हणून समज. वाचून वाचून डोकं खराब झालं, बाबा."

किशनरावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"हा विषय माझ्याकडे दे," ते म्हणाले.

पार्वतीबाई वरणाकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली गेली. ऑफिसात बावीस वर्षं इंग्रजीतून टिपण्या लिहिल्या होत्या, म्हणून घरची टिपणी त्यांनी मराठीत लिहिली, टपोऱ्या अक्षरात, समास सोडून. विषय : बालकास उभ्या स्थितीत धारण करण्याच्या साधनाची निवड. अडचण एवढीच आली, की दीक्षा हैदराबादेत वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मराठी ती बोलायची झकास पण वाचायची ती अक्षरं जोडत जोडत. 'धारण' पर्यंत येऊन ती थांबली. शेवटी पार्वतीबाईंनी चष्मा लावून, गोळ्यांच्या चिठ्ठीसारखी, ती टिपणी तिला वाचून दाखवली. निवड समितीत चार माणसं होती. त्यातल्या एकीला टिपणी वाचता येत नव्हती, एक घरी नसायचा, आणि एकीला तिची गरजच वाटत नव्हती.

नमुने तीन ठरले. पहिला बेल्टवाला, दिलसुखनगरच्याच दुकानातून आणलेला. सात क्लिपा, जाड पट्टे, उन्हासाठी टोपी, किल्ल्या ठेवायला खिसा. जवानाच्या पाठीवर शोभावा असा ऐवज. दुसरा दीक्षाच्या मैत्रिणीकडून, रेणुकाकडून, बघण्यापुरता आणलेला. त्यात कापड दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचं होतं. तिसरा दीक्षानंच मागवला होता आणि अजून यायचा होता.

चाचणीसाठी मेत्ताला वापरणं किशनरावांना पटेना. पार्वतीबाईंनी वजन सांगितलं, सव्वापाच किलो. मग पाच किलो तांदळाची पिशवी बेल्टमध्ये घालून, सातही क्लिपा लावून, ते गच्चीवर गेले आणि घड्याळ लावून फेऱ्या मारू लागले. शेजारच्या गच्चीवर मुनीरभाई कबुतरांना दाणे टाकत होते. ते हात थांबवून बघत राहिले.

"साब, चावल को हवा खिलारे क्या?"

"ट्रायल हो रा, मुनीरभाई."

"हौ, हौ," मुनीरभाई गंभीरपणे म्हणाले. "रोया तो डब्बे में डाल देना."

तांदूळ रडला नाही. किशनरावांनी तशी नोंद केली.

तिसरं पार्सल बुधवारी आलं. दीक्षानं ते हॉलमध्ये फोडलं. आतून कापड निघालं. एक टोक तिनं हातात धरलं, दुसरं उलगडत उलगडत सोफ्यापर्यंत गेलं. मोहरीच्या फुलाच्या रंगाचं, हातमागाचं, पाच मीटर. ना बेल्ट, ना क्लिप, ना बटण.

किशनरावांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "बाकीचं सामान?"

"एवढंच असतं, बाबा. हेच बांधायचं."

"कुणाला?"

"बाळाला. असं पुढून घ्यायचं, मागं क्रॉस करायचं आणि..."

ती बोलत राहिली, पण किशनराव ऐकत नव्हते. त्यांनी खोक्यातलं कार्ड उचललं होतं. त्यावर डोंगरातल्या एका बाईचं चित्र होतं, पाठीला बाळ बांधलेलं, आणि खाली इंग्रजी मजकूर. किशनरावांनी तो मोठ्यानं मराठीत वाचला. "जगभरातल्या कष्टकरी मातांच्या हजारो वर्षांच्या शहाणपणातून साकारलेलं." त्यांनी कार्ड पालथं घातलं.

"हे शहाणपण आहे हे आमच्या आईला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तिला वाटायचं, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून बांधायलेय."

त्यांनी कार्ड खोक्यात टाकलं.

"हे परत पाठव. लेकरू लुगड्याच्या धडप्यात बांधून फिरवायचं होतं तर एवढं शिकलो कशाला? या घरात ते होणार नाही."

दीक्षाचे आईवडील दोघंही टेलिफोन खात्यात होते. तिच्या घरात मजुरी दोन पिढ्या मागे राहिली होती. एखादी बाई लेकरू पाठीला बांधून घमेलं उचलते, हे तिनं रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. तिच्या लेखी ते कापड म्हणजे कापड होतं, आणि चांगलंच महागाचं. सासऱ्यांना एवढं काय लागलं ते तिला कळलं नाही. ती "हौ बाबा" म्हणाली आणि घड्या घालू लागली.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. कड्यांचा नमुना : सर्व भार एकाच खांद्यावर, सबब असमतोल. कापड : तांत्रिक छाननीत बाद, कारण, उत्पादनास आकार नाही. बेल्टवाला मंजूर. आदर्शनं फोनवरून मत दिलं, "जे ठरेल ते."

"पोरीला विचारलं का?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"ती तीन महिन्यांची आहे."

"वापरणार तीच ना?"

किशनरावांनी लिहिलं, 'सूचना नोंदली.' खात्यात या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. पार्वतीबाईंना चाळीस वर्षांपासून माहीत होता.

दुसऱ्या दिवशी दीक्षानं बेल्ट अंगावर चढवून मेत्ताला त्यात बसवलं. सात क्लिपा लागल्या. पार्वतीबाईंनी खुर्चीतूनच सुनेला जवळ बोलावून तपासलं. मेत्ताच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली. "हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो. तोंड दिसलं पाहिजे. आणि इतकं वर पाहिजे की मान वाकवली की पापा घेता आला पाहिजे." पट्टे वर घेतले, गुडघे नीट केले, आता सगळं नियमात बसलं. मेत्तानं एकदा डावीकडच्या जाड पट्ट्याकडे पाहिलं, एकदा उजवीकडच्या, आणि ती जी रडायला लागली ती अठरा मिनिटं रडली. किशनरावांनी घड्याळ लावलं होतं.

"सवय होईल," ते म्हणाले.

आणि सवय झाली, निदान फाईलपुरती तरी. पुढच्या आठवड्यांत किशनराव दुपारी बारानंतर घरी येत तेव्हा मेत्ता शांत असे, बऱ्याचदा झोपलेली. दूध परत येणंही कमी झालं होतं. बेल्ट खुंटीला टांगलेला दिसे. किशनराव रोज लिहीत : 'साधन समाधानकारक.'

खरं काय ते असं होतं. किशनराव रोज दहाला मेट्रोनं अफझलगंजच्या लायब्ररीत जात आणि चार भाषांतली वर्तमानपत्रं वाचून बाराला परतत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसेनासे झाले, की दीक्षाच्या सुटकेसच्या तळातून मोहरीचं कापड बाहेर येई. परत ते गेलंच नव्हतं. दीक्षानं बांधायचं तंत्र व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. व्हिडिओतली बाई बाहुली बांधायची. इथं पार्वतीबाई खुर्चीतून "सैल झालं, परत सोड" असं म्हणायच्या आणि शेवटी हनुवटीखाली बोटं घालून बघायच्या. कापडात गेली की मेत्ता एक सुस्कारा टाकायची आणि पाच मिनिटांत झोपायची. पार्वतीबाईंची खुर्ची खिडकीशी होती. नवरा कोपऱ्यावर दिसला की त्या वॉकर दोनदा फरशीवर आपटायच्या. पाच आठवडे हा कारभार चालला. ज्या माणसानं बावीस वर्षं ठेकेदारांच्या लबाड्या पकडल्या, त्याच्या घरात कापडाचा काळाबाजार भरदिवसा सुरू होता आणि त्याचा प्रमुख त्याची बायको होती.

दीक्षाची रजा संपली. पहिला आठवडा घरूनच काम होतं. त्या आठवड्यात एक दिवस लायब्ररीत कसलीशी साफसफाई निघाली आणि किशनराव साडेदहालाच परत फिरले. पार्वतीबाई न्हाणीघरात होत्या. खिडकीत कुणी नव्हतं.

किल्लीनं दार उघडून ते आत आले. दीक्षा जेवणाच्या टेबलाशी उभी होती. लॅपटॉप पिठाच्या दोन डब्यांवर ठेवलेला, पडद्यावर अकरा चेहरे, आणि ती इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होती. तिच्या छातीशी मोहरीच्या कापडात मेत्ता गाढ झोपलेली.

दोघांची नजरानजर झाली. दीक्षाचं वाक्य एकदा अडखळलं, मग पुढे गेलं. किशनरावांनी तोंड उघडलं. पण माईक चालू होता, कॅमेरा चालू होता, आणि मुख्य म्हणजे लेकरू झोपलं होतं. एवढ्या तिन्ही कारणांपुढे माणूस ओरडणार कसा? त्यांनी तोंड मिटलं, चपला काढल्या आणि ते कॅमेऱ्याच्या बाहेर, सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले.

मीटिंग चाळीस मिनिटं चालली. मधेच पार्वतीबाई वॉकर टेकत बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि आपल्या खुर्चीत बसून घेतलं. राग हा पदार्थ गरम असतानाच वाढावा लागतो. चाळीस मिनिटांत तो निवला. किशनरावांना दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ते बघत राहिले. दीक्षा बोलता बोलता एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलत होती. मेत्ताचा एक हात बाहेर होता आणि त्या मुठीत कापडाचा काठ होता. दीक्षा कशाला तरी हसली, तसं मेत्ताचं डोकं वरखाली झालं. तिची झोप मोडली नाही.

लॅपटॉप मिटला.

"सॉरी बाबा," दीक्षा म्हणाली. "मी ते परत नाही पाठवलं. आईंचं काही नाही, माझंच..."

"गाठ मागं मारलीस?" किशनरावांनी विचारलं.

"हं? हौ. मागं. क्रॉस करून."

"आमची आई पुढं मारायची. छातीवर. लेकरू पाठीला आणि गाठ पुढं. दोन्ही हात मोकळे लागायचे ना तिला. डोक्यावर घमेलं असायचं."

मग त्यांनी सांगितलं. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. देगलूरकडचं गाव सोडून सगळे हैदराबादला आले. वडील अफझलगंजच्या बाजारात पोती उचलायचे. आई नामपल्लीला एका बांधकामावर होती, आणि तिच्या पाठीला जुन्या हिरव्या लुगड्याच्या धडप्यात त्रिवेणी, किशनरावांची बहीण, आठ महिन्यांची. किशनला शाळेत घातलं होतं. शाळा सुटली की तो आईकडे जायचा, मग दोघं मिळून घरी. एक दिवस वर्गातली दोन पोरं बोलत बोलत त्याच्याबरोबर आली. आईनं लांबून त्याला बघितलं, एका हातानं घमेलं धरलं आणि दुसरा हात वर केला. पोरांनी विचारलं, ती बाई कोण रे?

"मी म्हणलो, ती इथं कामाला आहे."

किशनरावांनी चष्मा नाकावर सारला.

"चार पावलांवर होती. ऐकलं तिनं. हात खाली घेतला." किशनरावांनी मांडीवरची नसलेली धूळ झटकली. "खोटं नव्हतं ते. होतीच की ती कामाला."

खरोखरच ते उत्तर खोटं नव्हतं. किशनराव गजभाऱ्यांनी आयुष्यात दिलेलं ते पहिलं सरकारी उत्तर होतं. त्यात एकही चूक काढता येत नव्हती.

दीक्षा कापडाचा काठ नीट करत राहिली. अशा वेळी काय म्हणतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. "मला माहीत असतं तर हा कलर घेतला नसता, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"रंगाचं काय नाही. तिचा हिरवा होता."

पार्वतीबाईंनी इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकली नव्हती. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. "आपला आदर्श माझ्या कडेवर वाढला," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं जाताना तुम्ही चार पावलं पुढं चालायचाव. एकदा हातात घेतलं नाही त्याला. ते याच्यामुळं का?"

किशनरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "ते तर सगळेच पुढं चालायचे."

पुढच्या सोमवारपासून दीक्षाला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस होतं. बांधायला उरलं कोण? पार्वतीबाईंचा गुडघा अजून वॉकरवर, आदर्श संगारेड्डीला. किशनरावांनी रविवारी शिक्षण घेतलं. आधी तांदळावर. त्यांनी फाईलमध्ये अकरा पायऱ्या लिहून काढल्या, आणि सातव्या पायरीला दर वेळी कापडाचं एक टोक कुठं गेलं ते कळेनासं व्हायचं. पार्वतीबाई खुर्चीतून वॉर्डातल्यासारख्या बोलत होत्या. "सैल. सोडा. परत. खांद्यावर पीळ पडलाय, तो काढा. परत." सोमवारी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आणि मेत्ताला आत बसवलं. तिनं मान वर करून आजोबांकडे पाहिलं, त्यांच्या बनियनवर थोडं दूध सोडलं आणि ती झोपली. याला समाधानकारक म्हणायचं का, याबद्दल नियम सापडला नाही.

चार दिवस ते पडद्याआडच फिरले. पाचव्या दिवशी वीज गेली. ऑगस्टचा उकाडा, पंखा बंद, मेत्ता कुरकुरायला लागली. नाइलाजानं ते गच्चीवर गेले. मुनीरभाई तिथं होतेच.

"अरे वा साब! इस बार चावल को हात-पाव आ गये!"

गच्चीवरून गल्लीत यायला आणखी आठवडा लागला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कडक घडीची पँट, पायात कोल्हापुरी, आणि छातीवर मोहरीच्या कापडात नात, असे किशनराव गजभारे दुपारी चारला कोचिंग क्लासच्या गल्लीतून निघाले. पोरंपोरी वळून बघायची. दोघांनी फोटो काढले. किशनरावांनी कुणाकडे पाहिलं नाही; ते मेत्ताच्या हनुवटीकडे बघत होते.

गल्लीच्या टोकाला एक इमारत उभी राहत होती. तिथं एका बाईनं परांचीच्या लाकडांना साडी बांधून झोळी केली होती आणि तिच्यात तिचं लेकरू होतं. किशनराव थांबले. ते लेकरू वाकडं झोपलं होतं, त्याची हनुवटी छातीला टेकली असावी असा त्यांना संशय आला. आता त्यांच्याकडे या विषयाचं ज्ञान होतं. त्यांनी त्या बाईला बोलावून हिंदीत, मधे मधे तेलुगूत, श्वास, हनुवटी आणि दोन बोटांचं अंतर समजावून सांगितलं. बाई महबूबनगरकडची होती. तिनं घमेलं खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"नाकु नलुगुरु, सार," ती म्हणाली. म्हणजे, मला चार आहेत, साहेब.

मग ती जवळ आली, किशनरावांच्या डाव्या खांद्यावरचं कापड तिनं चिमटीत धरलं आणि एक हिसका दिला. सकाळपासून मेत्ता डावीकडे कलत होती ती सरळ झाली. बाई घमेलं उचलून निघून गेली. घरी जाऊन किशनरावांनी फाईल उघडली. हे कोणत्या सदराखाली लिहावं ते त्यांना ठरवता येईना. फाईल त्यांनी तशीच मिटली.

सप्टेंबरपर्यंत ते आसपासच्या अपार्टमेंटांत प्रसिद्ध झाले. पोटुशा मुली आणि त्यांच्या आया त्यांना रस्त्यात गाठून विचारू लागल्या, अंकल, कुठला घेऊ? त्यांनी तुलनातक्ता नव्यानं केला. या वेळी त्यात एक रकाना वाढवला होता : बालकाचे मत. त्याच्या झेरॉक्स प्रती ते खिशात ठेवत. तक्त्यात कापड पहिल्या क्रमांकावर होतं. तेच कापड आपण बाद केलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी जुनी फाईल मागितलीही नाही. पार्वतीबाईंच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत काही हजार लेकरं त्यांच्या हातून जगात आली होती. त्यांना मात्र रस्त्यात गाठून कुणी काही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्रिवेणी आली. ती नांदेडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दार किशनरावांनी उघडलं, छातीवर मेत्ता बांधलेली. त्रिवेणीनं एकदा भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला इतकं हसू आलं, की बॅग हातातच धरून ती चपलांच्या स्टँडवर बसली.

किशनरावांनी मनाशी ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी बहिणीला समोर बसवलं आणि नामपल्लीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला ती माहीत नसणार; ती तर पाठीवर झोपलेली होती. ते हलक्या आवाजात, जपून जपून बोलत होते. घमेल्यापर्यंत आले आणि त्रिवेणी म्हणाली, "ती होय? 'इथं कामाला आहे'? अरे दादा, ती तर आई सगळ्यांना सांगायची."

"सगळ्यांना?"

"माझ्या लग्नात सांगितली. माझ्या सासूला सांगितली. म्हणायची, 'माझं पोरगं अकराव्या वर्षीच सायेब झालं. मी हात केला, तर मलाच म्हणतंय, ही इथं कामाला हाय. बरोबर बोललं की, मी काय तिथं बसायला गेल्ते?' आणि हसायची."

"तिला वाईट नाही वाटलं?"

त्रिवेणीनं खांदे उडवले. "वाटलंही असंल. मला काय सांगणार ती? हसायची मात्र पोट धरून."

किशनरावांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलेला गोपनीय कागद बावन्न वर्षं गावभर वाचला जात होता हे कळल्यावर एखाद्या अधिकाऱ्याला जे वाटेल, ते त्यांना वाटलं. मेत्तानं त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं होतं. ते त्यांनी काढलं, पुसलं.

"कुणीतरी मला कळवायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

त्यावर पार्वतीबाई हसल्या, आणि ऑपरेशन झालेला गुडघा दुखायला लागला तरी त्यांना थांबता येईना. दीक्षाही हसली. किशनरावांनी आधी सगळ्यांकडे रागानं पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला नाही, म्हणून ते कशाचं होतं हे कुणाला नीट दिसलं नाही.

जानेवारीत मेत्ता दहा महिन्यांची झाली. दूध परत येणं केव्हाच थांबलं. ती रांगते, टेबलाला धरून उभी राहते. नामपल्लीच्या नुमाईशला, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाला, किशनराव तिला बांधून घेऊन गेले, तर गर्दी बघून तिनं पायांनी अशी ढकलाढकली केली, की पहिल्या गेटपाशीच तिला सोडावी लागली, आणि मग ती आदर्शच्या खांद्यावर बसून सगळ्यांच्या वरून बघत फिरली. कापड किशनरावांच्या गळ्यात उपरण्यासारखं लोंबत होतं.

दीक्षाच्या ऑफिसातल्या एका मुलीला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. तिनं ते कापड मागितलं आहे. "तुम्हाला आता लागत नाही ना, बाबा?" दीक्षानं दोनदा विचारलं. किशनराव म्हणाले, बघतो, विचार करून सांगतो. याला आता पाच आठवडे झाले. कापड धुऊन, घडी घालून त्यांच्या कपाटात आहे, आणि प्रकरण विचाराधीन आहे.